दाढ, दिवा आणि शनी

मला फक्त शनीची कडी बघायची होती. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते मलाच खोटं वाटायला लागलंय. आधी सहज सांगत होतो, मग समजावून सांगायला लागलो, मग चिडून. एकदा तर तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले असताना सांगितलं, आणि सगळ्यात जास्त घोटाळा त्यानेच झाला.

दुर्बीण कुठून आणली आणि कितीला पडली हे सांगत बसत नाही. ते बायकोलाही अजून नीट सांगितलेलं नाही. खोकं उघडल्यावर आतून जी वस्तू निघाली ती मात्र मला जरा मोठी वाटली. आकाशदर्शनाच्या पुस्तकातल्या चित्रात ती सडपातळ दिसत होती. प्रत्यक्षात गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाएवढी जाड नळी, तिला तीन पाय, आणि डोळा लावायची जागा टोकाला नसून वर कुशीला. बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे बसवायला प्लंबर लागेल का?"

मी म्हटलं, "ही दुर्बीण आहे. परावर्तक जातीची."

"जात कुठलीही असो, बैठकीच्या खोलीत राहायचं नाही."

म्हणून दुर्बीण मागच्या अंगणात गेली. अंगण म्हणजे काय, चार कुंड्या, कपडे वाळत घालायची दोरी, एक नळ आणि उरलेल्या जागेत मी. पलीकडच्या भिंतीवरून कर्नलांचं डोकं वर आलं. कर्नल म्हणजे आमचे शेजारी. ते सैन्यात कधीच नव्हते, जन्मभर बँकेत होते. पण मिशा आणि आवाज यांच्या जोरावर लोकांनी हा हुद्दा त्यांना देऊन टाकलाय, आणि त्यांनीही तो परत केलेला नाही.

"बोअर मारताय?" कर्नलांनी विचारलं.

"नाही हो. शनी बघायचाय."

कर्नलांच्या मिशा हलायला लागल्या. "अहो, लोकांच्या मागे शनी लागतो. तुम्ही कशाला शनीच्या मागे लागताय?"

हा विनोद त्यांना स्वतःला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी तो मला औषधाच्या दुकानदाराने ऐकवला, केस कापताना न्हाव्याने ऐकवला आणि ऑफिसात शिपायाने ऐकवला. शिपाई तर आमच्या भागात राहतही नाही.

आता दिव्याबद्दल सांगायला हवं. आमच्या अंगणाच्या भिंतीला लागूनच गल्लीतल्या दिव्याचा खांब आहे. इतकी वर्षं तो तिथे उभा आहे, पण माझं त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी दुर्बीण लावली, डोळा टेकवला आणि आत नुसता नारिंगी रंगाचा काढा दिसला. नळी इकडे फिरवली, नारिंगी. तिकडे फिरवली, नारिंगी. मान वर करून पाहिलं तर दिवा अगदी माझ्या टाळूवर प्रकाश ओतत होता. शनी समोर, खाली दवाखाना आणि वर घर असलेल्या दंतवैद्यीणबाईंच्या छपरावर, साध्या डोळ्यांना व्यवस्थित दिसत होता. म्हणजे जो बघायला एवढा खटाटोप केला तो दुर्बिणीशिवाय दिसतोय, आणि दुर्बिणीतून मात्र दिवा दिसतोय.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. संध्याकाळ झाली की मी अंगणात जायचो, दिव्याकडे बघायचो, आत यायचो, पाणी प्यायचो, पुन्हा अंगणात. शेवटी बायको म्हणाली, "एक काय ते करा. बाहेर राहा नाहीतर आत राहा. दाराच्या बिजागऱ्यांनी काय पाप केलंय?"

कर्नलांचा सल्ला होता की नगरपालिकेत जावं. "दिव्याला एका बाजूने पत्र्याची टोपी घाला म्हणावं. पाच मिनिटांचं काम." दुसऱ्याची कामं कर्नलांना नेहमी पाच मिनिटांचीच वाटतात.

मी स्वतः विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. म्हणजे लोकांचे अर्ज वाचून त्यावर 'कारण पुरेसे नाही' असं लिहिणं हाच माझा धंदा. त्यामुळे खिडकीच्या पलीकडच्या माणसाशी कसं बोलावं हे मला कळतं असा माझा समज होता. दिवाबत्ती विभागातल्या कारकुनाने माझ्याकडे न बघता विचारलं, "दिवा बंद आहे?"

"नाही. चालू आहे."

"मग तक्रार काय?"

"तो चालू आहे, हीच."

आता त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, "हे बघा साहेब. दिवा बंद, दिवा लुकलुकतो, दिवा नाही. एवढ्यात बसवा. 'दिवा आवडत नाही' असं यात नाहीये."

मी त्याला शनी समजावला, कडी समजावली, पत्र्याची टोपी हातवारे करून समजावली. मागे रांग वाढत होती. एक आजोबा म्हणाले, "लुकलुकतो लिहा आणि मोकळे व्हा, आम्हाला जेवायला जायचंय." मी लुकलुकतो लिहून मोकळा झालो.

आमच्या नगरपालिकेने इतक्या तत्परतेने काम केल्याचं कोणाला आठवत नाही. दोनच दिवसांत शिडीची गाडी आली आणि लुकलुकणारा (म्हणजे कधीही न लुकलुकलेला) दिवा काढून त्या जागी नवाकोरा पांढरा दिवा लावून गेली. त्या उजेडात मला अंगणातली मुंग्यांची रांग दिसत होती. मुंग्या ओझं कुठल्या बाजूने धरतात तेही दिसत होतं. शनी मात्र आता साध्या डोळ्यांनाही दिसेना.

गल्ली खूश झाली. कर्नलांनी भिंतीवरून हात लांब करून माझा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला! आम्ही इतकी वर्षं नुसते बोलतोय आणि तुम्ही करून दाखवलंत." ते टोपीचं साफ विसरले होते. औषधाचा दुकानदार म्हणाला, आता गटाराचंही तेवढं बघा. रस्त्यात भेटणारी माणसं मला थांबवून उजेडाबद्दल धन्यवाद द्यायला लागली, आणि मी "छे, छे, त्यात काय" असं म्हणत कण्हत पुढे जायला लागलो. पुन्हा नगरपालिकेत जायची सोयच राहिली नाही. मी तरीही एकदा चोरून गेलो. कारकुनाने मला ओळखलं, उठून खुर्ची दिली आणि म्हणाला, "बोला साहेब, आणखी एक दिवा मंजूर करून देऊ का?" मी खुर्चीत न बसताच परत आलो.

मग मी काळी चादर काढली. पुस्तकात लिहिलंच होतं, आजूबाजूला उजेड असेल तर डोक्यावरून काळं कापड घ्यावं, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय होते. शास्त्रशुद्ध उपाय आहे. फक्त तो बाहेरून कसा दिसतो याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं. बाहेरून असं दिसत होतं, की एक मध्यमवयीन गृहस्थ तिन्हीसांजेला वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला, डोक्यावरून काळी चादर घेऊन वाकलेला आहे, आणि चादरीतून एक जाड नळी निघून दंतवैद्यीणबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे रोखलेली आहे.

खरं तर ती खिडकीच्या बरीच वर, आकाशाकडे होती. पण नळी कुठे बघते हे नळीच्या मालकालाच माहीत असतं.

त्यात मी आणखी एक करून बसलो होतो. मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. दोघींची तोंडं एकाच दिशेला आहेत ना हे दिवसा एखाद्या लांबच्या वस्तूवर रोखून तपासायचं असतं. आमच्या अंगणातून स्पष्ट दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे दंतवैद्यीणबाईंच्या दवाखान्याची पाटी. तिच्यावर एक भलीमोठी दाढ काढलेली आहे. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. दोन रविवार मी ती दाढ मुळं आकाशाकडे करून न्याहाळत होतो, आणि योगायोग असा की दुसऱ्या रविवारी माझीच डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली.

दंतवैद्यीणबाई कामाला चोख. त्यांनी दाढ उघडली, आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट थापलं आणि म्हणाल्या, "काका, उरलेलं पुढच्या आठवड्यात." त्या आठवड्यात आमच्या गल्लीत काय शिजत होतं याची मला कल्पना नव्हती.

कल्पना कर्नलांनी दिली. ते पहिल्यांदाच भिंतीवरून न येता दारातून आले, खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. कर्नलांचा खालचा आवाज म्हणजे इतरांचं ओरडणं. "माझा यावर काडीचा विश्वास नाही," ते म्हणाले, "पण लोक म्हणतात की तुम्ही दंतवैद्यीणबाईंच्या खिडकीत बघता."

मी हातातला कप खाली ठेवला. तो बशीत बसलाच नाही.

"मी सगळ्यांना सांगितलं," कर्नल पुढे म्हणाले, "की हा माणूस तसा नाही. आणि असला तरी याला काही जमणार नाही."

हे माझी बाजू मांडणारे गृहस्थ.

ते गेल्यावर मी बायकोकडे बघितलं. ती आधी हसली. मग हसता हसता थांबली. "तुम्ही असलं काही करणार नाही, हे मला कोणी सांगायला नको. कपाटात डोळ्यासमोर असलेला टॉवेल तुम्हाला दिसत नाही, लांबची खिडकी काय दिसणार? पण आज दुकानात मी शिरले आणि दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. मी काय बटाटे निवडता निवडता टॉवेलचं सांगत बसू?"

दुर्बीण सुटी करून खोक्यात घालून टाकावी असं वाटलं, पण घातली असती तर गल्ली म्हणाली असती, बघा, पकडला गेल्यावर कशी आवरली. ठेवली तर म्हणेल, बघा, अजून निर्ढावलेलाच आहे. मी अंगणात गेलो, आत आलो, पुन्हा गेलो. या वेळी बायको बिजागऱ्यांबद्दल काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

शिवाय दाढ होतीच. बाईंनी दिलेल्या तारखेला सकाळपासून तिने माझ्या कानापर्यंत तारा ओढल्या होत्या. दुसऱ्या दंतवैद्याकडे जाणं म्हणजे कबुलीच. म्हणून ठरल्या वेळी मी दवाखान्याच्या त्या खुर्चीत जाऊन आडवा झालो. नेहमी "या काका, काय म्हणतेय दाढ?" म्हणणाऱ्या बाई आज म्हणाल्या, "पेशंट, तोंड उघडा."

सुई टोचली. गाल, ओठ, जिभेची एक बाजू माझ्या मालकीची राहिली नाही. मग त्यांनी कापसाचे बोळे भरले, वरचा दिवा तोंडावर ओढला (माझ्या नशिबात दिवेच फार), हातात ते भुणभुणणारं यंत्र घेतलं आणि शांतपणे विचारलं, "रोज संध्याकाळी चादर घेऊन काय बघत असता तुम्ही?"

लोक हा प्रश्न चहा पिताना विचारतात. या बाईंनी असा मुहूर्त निवडला होता. मी जीव एकवटून सांगितलं, शनीची कडी. तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: "शअई... हिअडी."

यंत्र थांबलं.

"शनिवारी खिडकी?"

मी जोरजोरात मान हलवली.

"हलू नका. म्हणजे शनिवारीसुद्धा खिडकीत बघत होतात?"

"अंहं! अंहं! शअई!"

"कळलं मला." बाईंनी यंत्र खाली ठेवलं. "मग या शनिवारीच आम्ही दोघं येतो. मी आणि हे. तुमच्या त्या नळीतून माझी खिडकी कशी दिसते ते मलाही बघायचंय."

"आणि आअ?" मी दाढेकडे बोट दाखवलं.

"तिचं नंतर बघू," असं म्हणून त्यांनी पुन्हा तात्पुरतं सिमेंट थापलं. मागच्या वेळेपेक्षा जरा जास्तच जोरात.

बाईंचे 'हे' म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. ते फारसं बोलत नाहीत. त्या खांद्यांच्या माणसाला बोलायची गरजही पडत नसावी. शनिवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एका बाजूने चावत होतो, ऑफिसात एका माणसाचा दावा चक्क मंजूर केला, आणि दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन आकाश बघत होतो. ढग आला तर मी वाचतो, पण अब्रू जाते. ढग नाही आला तर अब्रू वाचेल, पण त्यासाठी शनी सापडायला हवा. आणि इथे एक अडचण होती, जी मी तोपर्यंत कोणालाही सांगितलेली नव्हती.

शनिवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ निघालं. संध्याकाळी बाई आल्या, मागून मास्तर आले. औषधाचा दुकानदार "सहज" आला. कर्नल छत्री घेऊन आले. पावसाचा पत्ता नव्हता. "दिव्याचा बंदोबस्त," ते म्हणाले. त्यांनी आपल्या काळ्या छत्रीचा दांडा बांबूला बांधला होता. ते आमच्या स्टुलावर चढले, बांबू उंच धरला, आणि छत्रीची गोल सावली अंगणात उतरली. पहिल्यांदा ती दंतवैद्यीणबाईंवर पडली, मग कुंडीवर.

"डावीकडे!" मी ओरडलो.

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"दुर्बिणीच्या!"

शेवटी सावली दुर्बिणीवर आली. मी चादर घेतली नाही. घ्यायची हिंमतच झाली नाही. डोळा लावला आणि नळी हलवू लागलो. छपराच्या वर एक पिवळट ठिपका आता जेमतेम दिसत होता. शोधक दुर्बिणीत तो यायचा आणि सटकायचा. बाई हाताची घडी घालून माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या बोटांचा चाळा मला ऐकू येत होता. मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. बायको नळाशी उभी होती.

"लवकर आटपा!" कर्नल वरून म्हणाले. "खांद्यात कळ येतेय."

मी हात पँटला पुसले, पुन्हा नळी धरली, एक केसभर वर, एक केसभर बाजूला. आणि काळोखात काहीतरी आत आलं. अस्पष्ट होतं. मी चित्र स्पष्ट करायची खुंटी हळूहळू फिरवली.

ते इतकं लहान होतं! तिळाएवढं. पण तिळाभोवती कोणीतरी कडं घातलेलं होतं. कडं आणि गोळा यांच्यामध्ये काळी फट होती, आणि ते कशालाही टेकलेलं नव्हतं. चित्रासारखं नव्हतंच. चित्र आपल्यासाठी काढलेलं असतं. हे आपल्यासाठी नव्हतं, ते तसंच होतं.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

शनी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत होता, आणि मी नळी त्याच्यामागे नेत होतो.

"अहो, सरकता का जरा?"

मी सरकलो नाही. माझी अब्रू पणाला लागली होती, ज्यांच्यापुढे ती सिद्ध करायची ते लोक माझ्या मानेशी उभे होते, आणि मला त्यांच्यापैकी एकाचीही आठवण नव्हती. कोणीतरी खांद्याला हात लावला. मी तो झटकला. नंतर मला सांगण्यात आलं की तो हात पोहण्याच्या मास्तरांचा होता.

शेवटी दंतवैद्यीणबाई वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "काका, तोंड मिटा आता."

तेव्हा मी भानावर आलो आणि बाजूला झालो. बाईंनी डोळा लावला. अंगणात कोणी हललं नाही, कर्नलांची छत्री सोडून. मग बाई म्हणाल्या, "अय्या." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "हे खरं आहे?" आणि मग एकदम नवऱ्याला, "अहो, रिंग किती सरळ बसवलीये बघा! दाढेवर एवढं जमत नाही आम्हाला."

मास्तरांनी बघितलं. ते पुन्हा रांगेत मागे जाऊन उभे राहिले. दुकानदाराने बघितलं आणि घरच्यांना बोलवायला पळाला. कर्नल वरून ओरडत होते, "मला कोणीतरी सोडवा! मलाही बघायचंय!" तेव्हा मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी बांबू एका हाताने असा धरला की सावली एक इंचही हलेना.

बायको सगळ्यात शेवटी पुढे आली. पदर सावरून वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलंत?"

आवाजात राग होता. इतके दिवस दुकानातल्या बायकांपुढे तिने एकटीने जे सोसलं होतं, ते त्या रागात होतं. आता खोटं बोलून चालणार नव्हतं.

"आधी मलाच दिसलं नव्हतं," मी म्हणालो.

कर्नलांनी विचारलं, "म्हणजे आजपर्यंत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग तो नवा दिवा, ती चादर, हा सगळा गोंधळ..."

"न बघताच," मी म्हणालो.

पहिल्यांदा दंतवैद्यीणबाई हसल्या. मग सगळी गल्ली हसली. स्टुलावरचे मास्तरही हसले, तेव्हा सावली हलली आणि पांढरा उजेड माझ्या तोंडावर पडला. मीही हसलो. अर्धा चेहरा ठणकत होता, अर्ध्याने हसलो.

दाढ सोमवारी पूर्ण झाली. बाईंनी नेहमीपेक्षा हलक्या हाताने केली, आणि काम करता करता गुरूचे चंद्र दिसतील का असं विचारत राहिल्या. माझं तोंड उघडंच होतं, त्यामुळे मी नाही म्हणू शकलो नाही. दिवा अजून तसाच आहे. नगरपालिकेने त्याचा फोटो आपल्या कार्यालयात लावलाय म्हणतात. कर्नलांनी छत्रीसाठी लोखंडी स्टँड करून घेतलाय आणि तो आमच्याच अंगणात, माझ्या उभं राहायच्या जागेवर रोवलाय.

परवा संध्याकाळी ऑफिसातून आलो, कपडे न बदलता अंगणात गेलो. आभाळ निरभ्र होतं. काळ्या चादरीखाली कोणीतरी आधीच वाकलेलं होतं. चादरीच्या कडेला आमच्या घरातल्या चपला दिसत होत्या. मी नळाशी थांबलो. पुन्हा आत गेलो, पाणी प्यायलो, बाहेर आलो. पुन्हा आत गेलो.

"सरकतेस का जरा?" शेवटी मी विचारलं.

ती सरकली नाही.